लॅपटॉपखालची गोधडी

बंगळूरच्या बनशंकरीतल्या दामोदररावांच्या घरात उघडंवाघडं असं काही राहतच नसे. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपडं, वॉशिंग मशीनला फुलाफुलांचा झगा, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा नाडीची पिशवी. सगळं वीणाताईंच्या शिलाई मशीनवरचं. दामोदरराव सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त होऊन घरी बसले, तेव्हा म्हणाले होते, "आता मीच तेवढा राहिलोय. माझं माप कधी घेतेस?"

अशा घरात सून ऋचा छोट्या मनस्विनीला, म्हणजे नात मनूला, घेऊन काही दिवस राहायला आली. त्यांच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर वरच्या मजल्याचं फरशीकाम निघालं होतं, आणि त्या घरघरीत अभ्यास होईना. मुलगा ईशान दोघींना पोचवून गेला. त्याचं ऑफिस तिकडेच.

अभ्यास कसला, तर नोकरीच्या परीक्षेचा. ऋचा नागपूरची, हुशार पोर. मनूच्या वेळी नोकरी सोडली ती सोडलीच. मग जिथे अर्ज करावा तिथे एकच प्रश्न, मधली वर्षं काय केलंत? आता कुठे एका कंपनीनं परीक्षेला बसू दिलं होतं. परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर, खोलीत एकटीनं. वीणाताईंनी देवाला साखर ठेवली. सून पुन्हा कामाला लागावी हे त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांना स्वतःला लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडावी लागली होती, आणि ते अजून आत कुठेतरी सलत होतं.

आल्या दिवशीच त्यांनी पाहिलं, ऋचानं लॅपटॉप काचेच्या टेबलावर तसाच ठेवलाय. "अगं बाई! एवढं महागाचं यंत्र, आणि असं गारढोण काचेवर?" लगेच मशीन सुरू झालं. जुन्या तांबड्या इरकलीचे तुकडे, आत कापूस, वरून धावदोरा. लॅपटॉपच्या मापाची छानशी गोधडी तयार झाली. ऋचा म्हणाली, "किती सुंदर, आई!" झालं. लॅपटॉप गादीवर बसला.

आणि पहिल्याच परीक्षेत, निम्मा पेपर झाला असताना, तो तापून बंद पडला.

ऋचानं कंपनीला लिहून, फोन करून, अक्षरशः हातापाया पडून दुसरी संधी मिळवली. शनिवारी सकाळी, पण त्याच लॅपटॉपवर. नोंदणी त्या यंत्रावर झालेली, दुसरं चालणार नाही. आणि ही शेवटची. पुन्हा बंद पडला तर विषय संपला.

शुक्रवारी दुपारी ती सरावाला बसली. थोड्या वेळानं आतला पंखा घोंघावायला लागला, मग किंचाळायला लागला, आणि मग एकदम शांतता. पडदा काळा. ऋचा कपाळाला हात लावून बसली. "पुन्हा गरम होऊन राहिलाय. नाही होणार माझ्याच्यानं, आई. नशिबातच नाही."

बिचारं यंत्र किती राबतंय, असं मनाशी म्हणत वीणाताई गोधडीखाली घालायला कापडाची आणखी एक घडी घेऊन आल्या. तेवढ्यात ऋचा फ्रीजरमधून बर्फाची पिशवी घेऊन आली.

"ए, ए! बर्फ?" दामोदरराव खुर्चीतून ताडकन उठले. "बाष्प धरेल, पाणी आत गेलं की मग तापायलासुद्धा काही उरायचं नाही! स्वल्प थांब." त्यांनी लॅपटॉप उचलला, खाली हात घातला आणि झटक्यात काढला. गोधडी तव्यावरून काढलेल्या भाकरीइतकी कढत होती. त्यांनी लॅपटॉप उलटा केला. पाठीवरच्या हवेच्या फटींमध्ये इरकलीच्या तांबड्या धाग्यांचा कापूस दाटून बसला होता.

"हवा इथून आत जाते," ते म्हणाले. "आणि इथेच..." बायकोकडे पाहून नुसतं खाकरले.

वीणाताईंना कळलं. हातातली घडी हातातच राहिली. "म्हणजे, माझी गोधडी?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"शंका होती, आई."

"मग काढून ठेवायची ना, बाई!"

"दोनदा काढली," ऋचा हळूच म्हणाली. "तुम्ही परत घातली."

"आणि परीक्षेच्या दिवशी? त्या दिवशी तरी?"

"तुम्ही हातावर दही ठेवायला आल्या, त्या पेपर सुरू होईस्तोवर टेबलाशीच उभ्या होत्या. इतक्या प्रेमानं शिवलेली. तुमच्यादेखत कशी ओढून काढू?"

आता मात्र वीणाताई भडकल्या. "अगं, भीड भिकेची बहीण! नोकरी गेली असती तरी चाललं असतं, पण सासूचं मन मोडायचं नाही? मी काय मेणाची आहे?" राग सुनेचा किती आणि स्वतःचा किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "चुकलं माझं. पण सांगायचं गं. तोंडावर सांगायचं."

"सरी, सरी, बरं बरं," दामोदरराव म्हणाले. "भांडण नंतर. आधी हा पूर्ण बंद करा, चार्जर काढा, जरा निवू द्या."

लॅपटॉप निवला, तसे ते बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. निघालेले स्क्रू एका ताटलीत ओळीनं मांडले. लांब कुठला, आखूड कुठला याचा घोळ नको. तळ उघडला, तर पंख्याच्या कडेला कापसाचा नमद्यासारखा दाट थर. फुंकर मारायला ते वाकले, पण वीणाताईंनी अडवलं. "थुंकी उडेल. सरका." शिलाई मशीनच्या दातांखालचा कापूस त्या ज्या ब्रशनं काढतात तो आणि चिमटा त्यांनी आणला. "याच्यावर तेल लागलेलं नाही ना?" दामोदररावांनी विचारलं. "नवा आहे हो," त्या फिस्कारल्या. दामोदररावांनी दातकोरणीनं पंख्याची पाती अडवून धरली, आणि वीणाताई एकेक पुंजका उचलत गेल्या. प्रत्येक पुंजका तांबडा. प्रत्येकाला त्या "शी!" म्हणत होत्या. शेवटी ऋचाला हसू आवरेना, आणि मग तिघंही हसली.

तळ बसवून लॅपटॉप टेबलावर ठेवला. मागच्या कडेखाली दोन लाकडी पट्ट्या, म्हणजे हवेला वाट राहील. खिडकीचं ऊन पडत होतं, टेबल सरकवलं. ऋचानं ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेल्या खिडक्या दामोदररावांनी पाहिल्या आणि म्हणाले, "ही काय जत्रा आहे?" तिनं निमूटपणे सगळ्या मिटल्या. संध्याकाळी तिनं पुन्हा सराव केला, अगदी शेवटच्या प्रश्नापर्यंत. पंखा नुसता पुटपुटत होता.

तरी शनिवारी वीणाताईंना चैन नव्हतं. ऋचा आत, दार बंद. मध्ये कुणी डोकावलं तर परीक्षा बाद, हे तिनं बजावलेलं. दामोदररावांनी मनूला बागेत नेलं. वीणाताई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या आणि आवाज ऐकत राहिल्या. बराच वेळ पंख्याची बारीक घरघर येत होती.

आणि मग ती थांबली.

आधी घरघर, मग शांतता, मग काळा पडदा. हे वीणाताईंना पाठ झालं होतं. हात कडीवर गेला, पण त्यांनी तो मागे घेतला. आत गेलं तर नक्कीच संपलं. त्यांनी कान दाराला लावला. काही नाही. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना. किती वेळ गेला कोण जाणे, आणि आतून टक, टक, टकटक आवाज आला. बोटं चालत होती. लॅपटॉप गार होता, म्हणून पंखा थांबला होता, एवढंच! त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि पदरानं घाम पुसला.

दार उघडलं तेव्हा ऋचाचा चेहरा लाल झाला होता. "झाली, आई! सगळी झाली. निकाल लगेच दाखवला, पास! मंगळवारी मुलाखत." एका दमात बोलून ती जरा थांबली. मग सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "एक विचारू? नोकरी लागली तर मनूला दिवसा सांभाळाल? नसेल जमत तर नाही म्हणा. मी पाळणाघर बघेन."

"हे काय विचारणं झालं, सांभाळीन की," हे वीणाताईंच्या ओठांवर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं. आपले गुडघे आठवले, मनूची धावपळ आठवली, आणि त्यांनी खरोखरचा विचार केला.

"दुपारपर्यंत सांभाळीन," त्या म्हणाल्या. "त्यापुढे नाही झेपायचं गं मला."

"दुपारपर्यंत खूप झालं, आई," ऋचा म्हणाली आणि तिथेच, दारात, त्यांच्या गळ्यात पडली.