नारिंगी बिल्ला

नव्या मुलीची सोबती म्हणून भोपूचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा टाचणीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. थांबवल्याही सगळ्यांच्या आधी.

शाळा सहावी ते आठवीची. वर्षाच्या मध्येच कुणी नवं आलं की विद्यार्थी कक्षातल्या मॅडम वर्गातल्या एकाला त्याचा सोबती नेमत आणि सोबत्याच्या खिशावर नारिंगी बिल्ला लावत. बिल्ला असेपर्यंत सोबत्याने नव्या मुलाशेजारी बसायचं, मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर डबा खायचा आणि छंदवर्गातही त्याच्याच जोडीला राहायचं. बिल्ला स्वतः काढायचा नाही. आता आपलं आपल्याला जमतंय असं नव्या मुलाला वाटेल, त्या दिवशी त्यानेच तो सोबत्याच्या खिशावरून काढून कक्षात नेऊन द्यायचा. पूर्वीचे सोबती कंटाळून पळ काढत, म्हणून मॅडमनी नियमाची दोरी नव्या मुलाच्या हातात दिली होती.

टाचणी आणि भोपू सातवीत होत्या. एक अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, दुसरीचा आवाज मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा. नावं वर्गानेच पाडलेली. सहावीच्या पहिल्या दिवसापासून दोघी एका बाकावर होत्या. आता भोपू खिडकीजवळ नवीच्या शेजारी गेली. नव्या मुलीला सगळे नवीच म्हणू लागले होते. टाचणीच्या शेजारी तिचं स्वतःचं दप्तर बसलं.

बाकाचं एक वेळ चाललं असतं. पण शुक्रवारी सावल्यांच्या खेळाच्या छंदवर्गात जोड्या ठरणार होत्या आणि ठरलेली जोडी वार्षिक कार्यक्रमापर्यंत बदलत नसे. टाचणी आणि भोपूची गोष्ट सुट्टीतच तयार झाली होती. एका जिराफाला कॉलरचा सदरा हवा असतो आणि शिंप्याची मापाची पट्टी काही केल्या पुरत नाही. टाचणीने बुटांच्या खोक्यातून जिराफ आणि शिंपी कापले होते. जिराफाची मान दोऱ्याने वाकायची, शिंप्याची कात्री उघडायची आणि मिटायची. जिराफ भोपूचा, शिंपी टाचणीचा. शुक्रवारपर्यंत बिल्ला भोपूच्या खिशावर राहिला, तर जिराफासमोर शिंपी म्हणून नवी उभी राहणार होती.

घरी आल्यावर टाचणीने दप्तर फेकलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

दादा खुर्चीवर पाय घेऊन अभ्यास करत असल्याचं दाखवत होता. तो म्हणाला, "म्हणजे घरात सवत आली म्हण की."

"आई, याला सांग ना!"

"गप रे, काहीही बोलतोस." आई इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "अगं, नवीन पोर आहे. रुळेपर्यंत चार दिवस सांभाळून घ्यायचं. तिला काहीच येत नसेल अजून."

टाचणीने फेकलेलं दप्तर उचललं. मग म्हणाली, "मग मीच शिकवते तिला सगळं."

"शहाणी गं माझी बाई ती," आई म्हणाली आणि कौतुकाने तिच्या सदऱ्यावर आणखी एकदा इस्त्री फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून टाचणी कामाला लागली. नवीच्या कपाटाचं दार अडकायचं. ते जरा वर उचलून किल्ली फिरवायची, हे तिने दाखवलं. नळांच्या रांगेतला कोपऱ्यातला नळ अंगावर उडतो, हे सांगितलं. कपाटं तासाच्या मध्ये उघडायची नाहीत, व्हरांड्यात धावायचं नाही, पण जिन्याखालून मैदानाला जायची वाट आहे आणि तिथे कुणी अडवत नाही. ग्रंथपालबाई पुस्तक उशिरा आणलं तर रागावत नाहीत, पान दुमडलं तर मात्र खैर नाही. नवी सगळं नीट ऐकायची आणि पुटपुटून पुन्हा म्हणायची. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. टाचणीला याचं बरं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. फक्त ही मुलगी मठ्ठ निघाली असती तर आणखी बरं वाटलं असतं.

"तू किती चांगली आहेस गं, टाचणे!" भोपू भर मधल्या सुट्टीत ओरडली. "बिल्ला मला आणि काम तुला!"

आजूबाजूची मुलं वळून हसली. टाचणीही हसली. डब्यातली काकडी तिने नवीपुढे सरकवली. नवीने अर्धी घेऊन उरलेली भोपूला दिली. मग नवी काहीतरी म्हणाली आणि भोपू तिच्याकडे वाकून हळू आवाजात उत्तर देऊ लागली. भोपूला हळू बोलता येतं, हे टाचणीला त्या दिवशी कळलं. इतक्या दिवसांत ते तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

गुरुवार उजाडला तरी बिल्ला जागच्या जागी होता. पाण्याच्या रांगेत टाचणीने नवीला गाठलं. भोपू मैदानात होती. तिचा आवाज इथवर येत होता.

"तुला आता सगळं येतं की," टाचणी म्हणाली.

"बरंचसं."

"मग बिल्ला देऊन टाक ना. मोकळी होशील."

"कोण मोकळी होईल? मी की भोपू?"

टाचणी ओंजळीने पाणी प्यायली. नवी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कंटाळली का गं ती? काही म्हणाली तुला?"

याला एका शब्दाचं उत्तर होतं. टाचणीने नळ बंद केला, बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ती अशी तोंडावर बोलायची नाही."

भोपूविषयी इतकं खोटं वाक्य शाळेत दुसऱ्या कुणी उच्चारलं नसतं. तिचं मत अख्ख्या मैदानाला ऐकू जाई. पण नवीची तिची ओळख सोमवारची. "अच्छा," नवी म्हणाली आणि आपली बाटली न भरताच निघून गेली.

शुक्रवारी पहिला तास सुरू होण्याआधी नवी भोपूसमोर उभी राहिली आणि तिच्या खिशावरची पिन सोडवू लागली.

"अगं, थांब! एवढ्यात?"

"जमतंय मला आता," नवी म्हणाली. बिल्ला मुठीत धरून ती विद्यार्थी कक्षाकडे गेली, व्हरांड्यात न धावता. थोड्या वेळाने मॅडम वर्गात आल्या. इतक्या लवकर रुळलेली मुलगी आपण पाहिली नाही, असं म्हणाल्या. टाळ्या झाल्या. भोपू दप्तर घेऊन आपल्या जुन्या बाकावर आली. टाचणीने आधीच जागा करून ठेवली होती.

"माझं काही चुकलं का गं?" भोपूने विचारलं. खिशावर पिनेची दोन भोकं पडली होती. त्यांवरून ती बोट फिरवत होती.

"तुझं काय चुकणार? रुळली ती. बरंच झालं."

"हो, पण काहीच बोलली नाही."

"मी शिंप्याची कात्री नवीन केलीये," टाचणी म्हणाली. "बघतेस?"

"नंतर."

छंदवर्ग शेवटच्या तासाला, चित्रकलेच्या खोलीत भरला. पांढरा पडदा ताणलेला होता, मागे दिवा ठेवलेला. चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर डस्टर आपटलं. "आपापल्या जोडीदाराशेजारी उभे राहा. नंतर हा नको, ती नको, मला ऐकायचं नाहीये."

टाचणीच्या एका हातात जिराफ होता, दुसऱ्यात शिंपी. तिने जिराफ भोपूपुढे धरला. भोपूने तो घेतला आणि ती सरळ खिडकीकडे चालू लागली. तिथे नवी एकटी उभी होती.

"चल," भोपू म्हणाली.

"बिल्ला दिला मी परत."

"माहितीये. म्हणून तर आले. तो असताना आले असते तर तुला वाटलं असतं, नियम म्हणून आली."

"पण तुला कंटाळा आला होता ना?"

"मला?" खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. "कोण म्हणालं असं?"

नवीने टाचणीकडे पाहिलं. शिंप्याची काडी टाचणीच्या तळव्यात रुतली. आता ती सांगणार, मग भोपू ओरडणार, मग सगळ्यांना कळणार. टाचणीने उत्तरं जुळवायला सुरुवातही केली.

"कुणी नाही," नवी म्हणाली. "मलाच वाटलं."

"वेडी आहेस का?" भोपू हसली. मग टाचणीजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "टाचणे, तुला राग नाही ना? तुला कुणीही जोडीला घेईल. तिला कोण घेणार? आणि तूच तर सगळ्यात जास्त सांभाळलंस तिला. तुला कळेल."

तिचा हळू आवाज अखेर टाचणीच्या वाट्याला आला होता.

"राग कसला त्यात?" टाचणी म्हणाली.

बाकीच्या जोड्या लागल्या आणि ती एकटी उरली. सर म्हणाले, "तू दिवा धर. या दोघींच्या खेळाला. दिवा धरणारा पक्क्या हाताचा लागतो." शिंपी तिच्याच हातात होता. तो तिने नवीला दिला.

पडद्यामागे तिघींना जेमतेम जागा होती. भोपूने नवीला गोष्ट भराभर सांगून टाकली आणि ती जिराफाचा दोरा सोडवू लागली. नवीने शिंपी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कात्री कशी उघडायची?"

"खालची काडी करंगळीनं ओढ. हळू. जोरात ओढलीस तर दोरा निघेल."

नवीने एकदा ओढून पाहिलं. कात्री उघडली, मिटली. मग भोपूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "मी नाही सांगणार तिला."

सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं टाचणीला वाटलं. निदान भांडता आलं असतं.

सरांनी खोलीतले दिवे बंद केले. पडद्यावर जिराफ आला, त्याने मान खाली वाकवली, शिंप्याने पट्टी लावली आणि ती पुरली नाही. जिथे हसू येईल असं टाचणीने सुट्टीत ठरवलं होतं, नेमक्या तिथेच वर्ग हसला. तिच्या समोर दोन पाठी होत्या, खांद्याला खांदा लावून. दिवा बोटभर पुढे केला तरी दोन्ही सावल्या पुसट होतात, हे तिला माहीत होतं. तिचा हात अवघडला. दिवा तिने हलू दिला नाही. हसली मात्र नाही.