अर्धा राहिलेला हल्ला

धोंडो बल्लाळ, त्यांचे पुत्र रघुनाथ, रघुनाथांचे वामन. आणि वामनरावांची थोरली लेक सुमती. मोडेन पण वाकणार नाही, हा पीळ त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अखंड उतरला होता. पनवेलमध्ये बत्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या सुमतीबाईंच्या मानेवर मात्र दिवाळीपासून एक देणे बसले होते.

नातू शार्दूल नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा युद्धाच्या खेळाची पेटी मागे राहिली. षटकोनी घरांचा पट, त्यावर रेखलेल्या टेकड्या, पुठ्ठ्याच्या पायदळ-तुकड्या आणि फासा. एकाने टेकडी राखायची, दुसऱ्याने खालून चढून ती घ्यायची. बाईंनी नियम तोंडपाठ केले आणि शेजारच्या सफूराला पटासमोर बसवले. दोन वर्षांत बाईंची टेकडी एकदाही पडली नाही.

दिवाळीत मात्र ती पडण्याच्या बेतात होती. सफूराचे पायदळ शिखराला भिडले होते, एकदा फासा टाकणे तेवढे उरले होते. आणि बाईंच्या रक्तातली साखर उतरली. त्या पटावरच कोसळल्या. सफूराने फासा भिरकावून त्यांना दवाखान्यात नेले. पुढे म्हणाली, "तो डाव बरोबरीत धरू, बाई."

बरोबरी! न कमावलेली ती बरोबरी बाईंच्या घशाखाली उतरेना. आणि आता सफूरा शनिवारी लेकीकडे, यूम्नाकडे, शारजाला कायमची निघाली होती.

गुरुवारी दुपारी बाईंनी तिला बोलावणे धाडले.

"सामान बांधायचं टाकून आलेय," सफूरा धापा टाकत म्हणाली. "कुठे आग लागलीय?"

"बैस. तुझा एक हल्ला अर्धा राहिला आहे."

"या अल्लाह! अजून तेच? साखर उतरली, पण जिद्द काही उतरली नाही."

"तोंड आवर आणि पट बघ."

बाई एकेक तुकडी मांडू लागल्या. त्या दिवशी सारा पट उधळला होता. कोण कुठे होते, हे जाणणारे डोके एकच होते. शिखरापाशी त्यांचा हात थबकला.

"तिथे तुमची मशीनगन होती ना?" सफूरा म्हणाली. "मला पाच नाहीतर सहाच लागणार होते बहुतेक."

मशीनगन बाईंच्या बोटांतच होती. ठेवली असती, तर विचारणारे कोणी नव्हते. टेकडी बहुधा टिकली असती. क्षणभर त्यांना मोह झाला, आणि तो झाला याचाच संताप आला.

"नव्हती. आदल्या फेरीत तूच ती उडवलीस. वर एक जखमी तुकडी होती, तिचाही दारूगोळा संपलेला. तुला तीन पडले तरी पुरेत."

"कशाला सांगता? मला कुठे आठवत होतं?"

"मला आठवत होतं. टाक."

सफूराने फासा तळहातावर खेळवला. "मी आपली मुद्दाम दोन पाडते."

"इतकी करामत असती, तर दोन वर्षं हरत बसली नसतीस. टाक म्हणते ना!"

फासा घरंगळत गेला आणि थांबला. चार.

सुमतीबाईंनी जखमी तुकडी आपल्याच हाताने उचलून पटाबाहेर ठेवली. मग सफूराची तुकडी शिखरावर चढवली आणि ती घराच्या मधोमध बसली ना, हे चष्मा सावरून पाहून घेतले.

"टेकडी तुझी," त्या म्हणाल्या. "आता जा. सामान बांध."