ब्रदर व्हर्ननने बांधलेल्या गाड्या

"आधी ऐकायचं, पोरी. दिवे लागले म्हणजे बॅटरी जिवंत आहे. मग किल्ली फिरव आणि कान दे. टक् असं वाजलं तर दुखणं सेल्फमध्ये, म्हणजे स्टार्टरमध्ये. काहीच वाजलं नाही, तर तुझा हुकूम सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. वाटेत कोण बसलंय ते शोध."

डारियाचे वडील कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या एका गावात जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करत आले. त्यांचं हे बोलणं तिला पाठ होतं. पण त्या गुरुवारी सकाळी ऐकणार काय? समाजमंदिराच्या अंगणात तिच्या जुन्या निळ्या गाडीभोवती चाळीस माणसं भजन गात उभी होती. थंडी उणे एकतीस अंश. दिवे लख्ख, पंखा फिरतोय, आणि किल्ली फिरवली की गाडी ढिम्म.

"दिवे आहेत, पण चाल नाही," समाजमंदिराचा प्रवचनकार ब्रदर व्हर्नन बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाला. "बघा, हुबेहूब आपला विश्वास. प्रभूनं ही गाडी बांधून ठेवली आहे. का बांधली? कारण ती यंत्राकडे निघाली होती."

यंत्र म्हणजे डायलिसिस. डारियाचा नवरा तारस शेजारच्या सीटवर बसून धापा टाकत होता. पाय सुजून बुटांत मावत नव्हते. मंगळवारची पाळी हिमवादळात बुडाली होती. इस्पितळ एकशेचाळीस किलोमीटरवर, पाळी बाराची, आणि साडेनऊ वाजून गेले होते. "गुरुवारी काही झालं तरी आणते," असा शब्द तिने फोनवर नर्सला दिला होता. शनिवारपर्यंत तारस टिकेल असं कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

वाटेत दहा मिनिटं समाजमंदिरात आशीर्वादाला थांबू, हा हट्ट तारसचा. तिनेही मान डोलावली. रोज पहाटे पवित्र चित्रापुढे वात लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई ती. प्रार्थनेला नाही कशी म्हणेल?

चमत्कार तर नुकताच घडला होता. म्हाताऱ्या नेस्टरचा ट्रक असाच रुसला होता. इन्सुलिन सोडतो अशी त्याने शपथ घेतली, औषध बर्फात भिरकावलं. ब्रदरने लोकांकडे पाठ करून बॉनेटखाली डोकं घातलं, स्वर्गातल्या बापाशी काहीबाही पुटपुटला, आणि ट्रक धडधडायला लागला. बायका रडल्या.

"नेस्टरदादा, तुमच्या ट्रकनं सोडा ना आम्हाला," डारियाने विनवलं.

नेस्टर बुटांकडे बघत राहिला. "अगं, देवानं खूण दिल्यावर मी मधे कसा पडू?"

"एवढंच म्हण बाई," ब्रदरचा आवाज मधात घोळला, "की यंत्र सोडलं."

"म्हणून टाक, डारिया," तारस पुटपुटला. "दमलो गं मी."

तिचे ओठ उघडलेही. मग तिला वडिलांचं बोलणं आठवलं: आधी ऐकायचं.

"जरा गाणं थांबवता का?" ती इतकं हळू बोलली की मागच्यांना ते पुढच्यांनी सांगावं लागलं. भजन थांबलं. तिने किल्ली फिरवली आणि कान दिला. टक् नाही. साधा खुट्ट आवाजसुद्धा नाही.

ती उतरली, बॉनेट उचललं. सगळ्यावर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा धुरळा बसलेला, फक्त फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर बोटांचे ताजे ठसे. झाकणाच्या आत कुठला तुकडा कुठे बसतो त्याचा नकाशा होता. किल्लीचा हुकूम सेल्फला पोचवणाऱ्या रिलेची जागा रिकामी.

"बाई, पवित्र कामात हात घालू नकोस," ब्रदर म्हणाला.

"काम माझ्या गाडीचं आहे, ब्रदर."

भोंग्याचा रिलेही त्याच मापाचा होता. सुन्न बोटांनी तिने तो उपटला, रिकाम्या जागी दाबून बसवला आणि किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं, आणि चालू झालं.

ती दारातून बाहेर वाकली.

"आपण आत असताना गाड्यांच्या हीटरच्या तारा कोण लावत होतं?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या माना ब्रदरच्या मेहुण्याकडे वळल्या. थंडीत इंजिनं गोठू नयेत म्हणून तो एकेक गाडी विजेच्या तारेला जोडत होता; काय सेवाभावी माणूस, असं सकाळीच सगळे म्हणाले होते. थंडीत अडकलेल्याला आसरा मिळावा म्हणून या गावात गाडीला कुणी कुलूप लावत नाही, आणि तार हातात घेऊन गाडीपुढे वाकलेल्या माणसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. नेस्टर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "खिसा दाखव रे." खिशातून काडेपेटीहून लहान, काळा चौकोनी ठोकळा निघाला, डारियाच्या गाडीचा रिले.

"माझ्याही ट्रकचा असाच काढला होतास? आणि यानं पाठ करून परत बसवला?"

मेहुण्याने ब्रदरकडे पाहिलं. ब्रदर आभाळाकडे बघत होता.

"मी रोज प्रार्थना करते, उद्याही करीन," डारिया म्हणाली. "पण औषध सोड असं कुणी देवाच्या नावानं सांगितलं, तर त्याला पुरावा मागा. गाडी बंद पडली तर बॉनेट उघडा, माणूस आजारी पडला तर डॉक्टर गाठा. देवाला त्याचा राग येत नाही. आला तर माझ्यावर येऊ दे." ती नेस्टरकडे वळली. "बर्फात गोठलेलं इन्सुलिन आता कामाचं नाही. मागे बसा, दादा. इस्पितळातून नवीन घेऊ."

नेस्टर मागे बसला. तिने तारसच्या गुडघ्यांवर घोंगडी सारखी केली, काचेवर धरलेली वाफ बाहीने पुसली आणि गाडी इस्पितळाच्या रस्त्याला लावली.