तिसरा फेरा

बसवराजचं पत्र विरूपाक्षअप्पांनी चार वर्षं स्पेअर पार्टच्या जाड पुस्तकात जपून ठेवलं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं 'जि. उस्मानाबाद' खोडून वर 'जि. लातूर' लिहिलेलं, जिल्हा नवा, हाताची सवय जुनी. आत चारच ओळी होत्या. "मामा, भरला टँकर निलंग्याकडचा चढ चढत नाही. निम्मं पाणी पायथ्याशी सोडावं लागतं, वर बाया घागरी घेऊन बसलेल्या. मागचा धुरा तुम्ही मोजला होता ना? का नुसतंच हो म्हणालात?"

अप्पांनी उत्तर दिलं नाही. मोजताना आपलंच चुकलं असणार, असं त्यांना वाटे. तसं त्यांना बहुतेक गोष्टींबद्दल वाटे.

नांदेडला किशनरावच्या गॅरेजात ते तीस वर्षं स्टोअर सांभाळत. भाच्याला ट्रक किशनरावनंच विकला होता. आधी तो ट्रक अर्धापूरची केळी दूरदूर न्यायचा, भाच्याला त्याचा पाण्याचा टँकर करायचा होता. पण टँकरला पळणारी गाडी नको, ओढणारी हवी. चाकाच्या एका फेऱ्याला, धुरा फिरवणारा मधला शाफ्ट सहाच्या वर फिरला तर गाडी ओढते, चारवर आला तर नुसती पळते. किशनराव म्हणाला होता, धुऱ्यातले दाते बदललेत, तूच मोज आणि भाच्याला कळव.

गॅरेजची रीत होती, मागचं एकच चाक जॅकवर घ्यायचं. दुसरं जमिनीवर असल्यानं उचललेल्या चाकाचे दोन फेरे हिशेबाला एक. अप्पा धोतर खोचून गाडीखाली शिरले, शाफ्टवरच्या खडूच्या खुणेकडे बघत राहिले. चाक किशनराव बाहेरून फिरवत होता. "झाले दोन," तो म्हणाला. अप्पांनी साडेसहा लिहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात तोच ट्रक गॅरेजात आला. बसवराजनं तो कधीच विकला होता. आता देगलूरचा मालक, क्लच जळालेला. रविवार होता, चाक फिरवायला कुणी नव्हतं. अप्पांनी वह्या शिवायचा दोरा शाफ्टला बांधला, बाहेर येऊन चाक स्वतः दोनदा फिरवलं आणि खाली जाऊन वेढे मोजले. चार आणि वर थोडं. स्वतःवर विश्वास नव्हता, म्हणून पुन्हा मोजले. तेवढेच. मग चाक आणखी एकदा फिरवलं. वेढे साडेसहा भरले.



किशनराव आला तेव्हा दोरा तसाच होता. अप्पांनी विचारलं, त्या दिवशी चाक तीनदा फिरवलं होतंस ना.

"हाव," किशनराव म्हणाला. "मी सांगितलं असतं तर भाच्यानं परत मोजलं असतं. तुझ्या शब्दावर कुणी मोजत न्हाई, अप्पा. म्हणून तर तुला खाली घातलं." आणि त्यानं रोजच्यासारखा दोघांचा चहा सांगितला.

अप्पांनी शाफ्टचा दोरा सोडून घेतला. चहाला थांबले नाहीत.

घरी लिहिलेली पहिली दोन पत्रं किशनरावबद्दलच होती. ती त्यांनी फाडली. तिसरं लहान झालं. "बसवराज, शाफ्टचे फेरे मी मोजले. चाकाचे किशनरावनं सांगितले तेवढे धरले. बघायला बाहेर आलो नाही. त्यानं मला फसवलं. पण 'मी मोजलं' असं तुला मी कळवलं होतं, तेही खरं नव्हतं. तुझा मामा."

आंतर्देशीयात काही घालता येत नाही, म्हणून पाकीट घेतलं. शाफ्टवरचा दोरा घडी करून आत ठेवला. पत्ता दोनदा वाचला, जि. लातूर, आणि पाकीट पेटीत टाकलं.