फुकटचा घोडा

पोलीस चौकीत मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटावर आबारावनं घोडा उचलला, जमादाराच्या राजाजवळचं प्यादं मारलं आणि घोडा तिथंच सोडून दिला.

घोडा उघडउघड फुकट जात होता. पण राजूरच्या यात्रेत याच घोड्यावर त्यानं कितीतरी डाव मारले होते. समोरचा हावरेपणानं राजाकरवी घोडा मारायचा, वजिराचा शह बसला की गांगरून राजा पुढं पळवायचा, आणि चार चालींत मात. चाल खोटी होती, हे आबाराव जाणून होता. ती चालायची फक्त गाफील माणसावर.

जमादार गाफील दिसत होता. खेळताना जांभया देत होता, मधूनच शिपायाला कामं सांगत होता. निजामाच्या राज्यात धावडा गावात तिरंगा लावला म्हणून आबारावचा थोरला भाऊ सांडू तीन दिवस याच चौकीच्या कोठडीत होता. उद्या त्याला औरंगाबादच्या तुरुंगात नेणार होते. वहिनी, बायनाबाई, भाकरी बांधून सकाळपासून बाहेर निंबाखाली बसली होती. भेट मागितली तेव्हा जमादारानं पट अंथरला आणि आधी एक डाव होऊ द्या, एवढंच म्हणाला. जिंकलो तरच भेट, असा अर्थ आबारावनं आपला आपण लावला होता.

जमादारानं राजानं घोडा मारला. आबारावनं झटक्यात वजीर आणला.

"शह."

जमादाराची जांभई अर्ध्यात थांबली. तो पटावर वाकला. बऱ्याच वेळानं त्यानं राजाला हात न लावता एक प्यादं आड सरकवलं.

घोडा गेला होता आणि पुढं काही सुचत नव्हतं. त्यानं दाराबाहेर पाहिलं. निंबाखाली कुणीच नव्हतं.

"वैनी कुठं गेल्या?"

"आत. तुम्ही पहिलं प्यादं हलवलं, तवाच शिपायाला सांगितल्तं म्या." जमादार तंबाखू मळू लागला. "साहेबानं इचारलं तर मी डावात गुंतल्तो, मला काय ठाऊक न्हाई. डाव संपला की मंग बाईला बाहेर काढावं लागंल." मळलेली चिमूट त्यानं दाढेखाली धरली. "तुम्हीच लई जल्दी करून राह्यले."

कोठडीकडून वहिनीचं हलकं बोलणं आलं, मग सांडूचा खोकला.

वजिराकडं निघालेली आबारावची बोटं वाटेतच थबकली. हरत आलेला डाव लांबवायचा कसा, हे त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. त्यानं मांडी बदलली आणि एकेक घर न्याहाळत तो विचार करू लागला.

जमादारानंही घाई केली नाही.