शिंगातली गाठ

आखाडाचे दिवस. धरणाच्या काठावर श्रीपतीबुवाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पवनानगराकडून जिपा भरभरून बाया येत होत्या. बैलाचं शिंग नाचवत बुवा ओरडत होता, "डाक्टर कापतो, आपण ओढतो! सुरी न्हाई, टाका न्हाई, चोळीचं बटन बी काढायचं न्हाई!"

"व्हय व्हय! दिवाळीत माझी गाठ ओढली बुवानं!" रतनबाई छाती ठोकून सांगत होती. मांडवातली ती कायमची साक्षीदार.

पुढं बसवली होती छकुली, मासेवाल्या बायडाबाईची सून. तिच्या थानात बोराएवढी गाठ होती. ती हाताला लागताच वाडीतल्या आशा कार्यकर्तीनं बजावलं होतं, "उद्याच दवाखाना गाठ." पण छकुलीचा नवरा दत्ता म्हणाला, "दुखत न्हाई, तर दुखणं कसलं? करणी हाय ही." न दुखणारी गाठ म्हणजे कुणीतरी घातलेली, हे अख्खी वाडी धरून चालली होती.

बायडाबाईही तसंच धरून चालायची. पण आज तिला धाकटी बहीण ठकी आठवत होती. तेव्हा धरण नव्हतं. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची, दोघी ओच्यात मासे धरायच्या. पुढं ठकीला अशीच न दुखणारी गाठ आली. भगताचे अंगारे लावता लावता ती फुटली. शेवटी तर वासानं तिच्याजवळ कुणी बसेना.

"बया सोडत न्हाई हिला! धरा!" बुवा गरजला.

चेल्यांनी छकुलीचे केस मनगटाला गुंडाळले. आसूड कडाडला आणि पहिल्याच फटक्यात पाठीवरची चोळी फाटली. विस्तवात मिरच्या पडल्या.

"आत्या, सोडवा वो मला!" छकुली खोकत किंचाळली. दत्ता तिचे पाय दाबून बसला होता. रडत होता, पण दाबत होता.

झाकल्या तांब्यातलं तीर्थ बुवा घटाघटा प्यायला. शिंग चोळीवर टेकवून त्यानं जोरात चोखलं आणि परातीत थुंकला. लाल, लिबलिबीत गोळा!

"निघाली! निघाली!" मांडव दणाणला.

बायडाबाई पुढं झाली. जन्मभर मासे साफ केलेल्या बोटांनी तिनं गोळा दाबला. तो फुटून दाणा दाणा झाला.

"अगं बायांनो, गाभोळी हाय ही! कटल्या माशाची अंडी, कुंकवात घोळलेली!"

"म्हातारे, देवी कोपंल!" बुवाचा आसूड तिच्या कपाळावर बसला. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तिनं तांब्या उचलून त्याच्या दातांवर हाणला. तांब्यातून उरलेल्या तीर्थासकट आणखी एक लाल गोळा खाली पडला, पुढच्या बाईसाठी ठेवलेला.

"मघाधरनं टकळी चालू व्हती मेल्याची. तीर्थ पिल्यावरच वाचा का बसली? गालात मासळी व्हती म्हणून!"

"पर आये, गाठ?" दत्ता पुटपुटला.

"चाचपून बघा की."

बायांनी पदरांचा आडोसा केला. एकेकीनं हात लावला. गाठ होती तिथंच होती. शेवटी रतनबाईनं बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागं घेतली. मग तिनं हात स्वतःच्या पदराखाली नेला.

"माझी काखंत बी हाय आता," ती म्हणाली. "बुवा म्हणला, मुळं सुकत्यात."

मग मांडव बुवावर तुटून पडला. शिंग मोडलं, बुवाचा जबडाही सुजला. बायडाबाई ते बघायला थांबली नाही. तिनं दत्ताच्या कानफटात दिली. "रडतोस काय? जीप बोलाव. रतनबाईला आदी बसव."

छकुलीची गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. आता ती सासूशेजारी बसून मासे विकते. पुढल्या दिवाळीला रतनबाई नव्हती.

बायांनो, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. ती कसली आहे, हे शिंगाला कळत नाही, तपासणीत कळतं. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. हाताला लागली, की डॉक्टरांना दाखवा. लाज वाटली, तर शेजारणीला बरोबर न्या. तिचीही तपासणी होईल.