धुतलेला पंप

“हात लावू नका तिला. ती बुलबुलाची आहे.”

खिडकीतून मामींचा आवाज आला तसा ढेकूणमामांचा हात हवेतच थांबला. लिंबाच्या पानावर बोटभर हिरवी अळी बसली होती. निम्मं पान तिच्या पोटात गेलं होतं.

“अगं, झाड खाऊन टाकील ही.”

“खाऊ दे. तिला खाणारे घरट्यात बसलेत. तुम्ही पाणी घाला आणि हात मागे ठेवा. बत्तीस वर्षं मारलंत तेवढं पुरे.”

मामा हसले. खोटं काय होतं त्यात? बत्तीस वर्षं पाठीला पंप लावून त्यांनी लोकांच्या घरातले ढेकूण, झुरळं, वाळवी मारली होती. गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं ढेकूणमामा हे नाव मोठ्यांच्याही तोंडी बसलं आणि बायको आपसूक मामी झाली. त्याच मामींनी घरामागच्या ओंजळभर जागेत पाखरांसाठी बाग केली होती. ही जोडी जमवणाऱ्याने बहुतेक डोळे मिटून चिठ्ठी उचलली असावी.

मामींच्या बागेत दाणे टाकायला बंदी होती. “दाणे टाकले की कबुतरांची फौज येते आणि लहान जीव भिंतीवरूनच परत जातात. ज्याला जे हवं ते झाडावरच पिकू दे,” त्या म्हणायच्या. म्हणून फळं खाणाऱ्यांसाठी तुती होती आणि मध पिणाऱ्यांसाठी जास्वंद. गवत बी धरेपर्यंत कापायचं नाही, कारण ते चिमण्यांचं. वाळका पालाचोळा उचलायचा नाही, कारण त्याच्याखाली किडे असतात. शेजारीण म्हणायची, “मामी, जरा झाडलोट करा हो, जंगल झालंय.” मामी म्हणायच्या, “मग काय, जंगलच करतेय.”

आणि पंप कधी फाटकाच्या आत आला नव्हता. तो रस्त्याकडच्या पत्र्याच्या पेटीत राहायचा. मामांनी बाहेरच्या नळावर अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मग घरात पाऊल टाकायचं. काम सोडून आठ वर्षं झाली, पण पेटी तिथेच होती.

आता चार महिने मामी खिडकीशी पडून होत्या. डॉक्टर आधी महिन्यांत बोलायचे, हल्ली आठवड्यांत बोलू लागले होते. अशात बुलबुलाने खिडकीपासून हातभर अंतरावर, लिंबात घरटं केलं. अंथरुणावरून त्याची नुसती कड दिसायची आणि कडेवर उघडलेल्या तीन चोची.

“ही पिल्लं उडालेली बघते, मग मी मोकळी,” मामी येईल त्याला सांगायच्या.

“आई, असं बोलू नकोस गं,” मुलगी म्हणायची.

“मग कसं बोलू? गाण्यात?”

उन्हाळा तापला. पानांवर धुळीचा थर बसला. एरवी शिंपी पक्षी ओल्या पानांवर लोळून अंघोळ करायचे, ते दिसेनासे झाले. “पानांवर पाणी शिंपडा,” मामी म्हणाल्या. मामांनी नळी धरली तर धार अशी जोराची की घरटंच हललं. मामी आतून किंचाळल्या.

तेव्हा मामांना पंप आठवला. त्याच्या तोंडातून पाणी कसं धुक्यासारखं निघतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी पेटी उघडली, पंप सोड्याने घासला, साबणाने धुतला. कामाची रीत वस्तादाने शिकवली होती: तीन पाण्यांनी धुवायचं, मग टाकीत नाक घालायचं, वास आला तर चौथं पाणी. मामांनी टाकीत कानापर्यंत तोंड घातलं. वासाचा मागमूस नव्हता.

पंप पहिल्यांदाच फाटकाच्या आत आला आणि धुकं पानांवर उतरलं. पाच मिनिटांत शिंप्यांची जोडी आली आणि ओल्या पानांवर घसरगुंडी खेळावी तशी लोळली. मामींनी काडीसारख्या हातांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षांत त्या पंपासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते रोज सकाळ-संध्याकाळ फवारू लागले.

दुसऱ्या संध्याकाळी मामी म्हणाल्या, “आज तुमचा वास येतोय.”

“कसला गं?”

“कामावरून यायचात तसा. लग्न झालं तेव्हा मळमळायचं मला त्याने.”

“आठ वर्षं झाली काम सोडून,” मामा म्हणाले आणि त्यांनी चादर सारखी केली. वेदनेच्या गोळ्यांनी भ्रम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

चौथ्या दिवशी अळ्या काळ्या पडून देठांना लोंबत होत्या. बुलबुलाची मादी चोचीत काहीतरी धरून घरट्याच्या कडेवर बसली होती. बसलीच होती. खालून एकही चोच वर येत नव्हती.

मुलगी डबा घेऊन आली आणि मागच्या दारातच तिने नाकाला ओढणी लावली.

“बाबा, फवारणी कुठे केलीत?”

“फवारणी कुठली? पाणी मारतो नुसतं.”

“पाणी? लहानपणी तुमच्या कपड्यांना यायचा तो वास आहे हा! डोकं उठलं माझं.”

मामांनी पंपाचं झाकण काढून नाक घातलं. काही नाही. लिंबाचं पान चुरगाळून हुंगलं. काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन कांदा फोडला, रॉकेलची बाटली उघडली. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही कळलं नाही. मागे दोनदा दूध करपून धूर झाला होता आणि मामी त्यांना धांदरट म्हणाल्या होत्या. नाक कधी गेलं, कुणास ठाऊक. टाकी धुतली गेली होती, पण रबराच्या नळीने बत्तीस वर्षांचं औषध पिऊन ठेवलं होतं.

त्यांनी घरटं उतरवलं. पिसं नुकती फुटत होती. तिन्ही पिल्लं मिळून एका मुठीत मावली.

“आईला सांगू नका,” मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. “उडाली म्हणा. तिला तिथून काय दिसतंय?”

मामा आत गेले. मामींचा डोळा लागला होता, तो उघडला.

“उडाली?”

‘काही अपाय नाही, अगदी निर्धास्त राहा,’ हे वाक्य मामांनी आयुष्यभर दारोदार सांगितलं होतं. ते सवयीने जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि खाटेच्या कडेला बसले.

“मेली. मी मारली. पंपाने पाणी मारलं, तो नीट धुतला नव्हता. मला वासच येत नाही गं. कुठलाच.”

मामींनी भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाकघरात मुलगी उगीचच भांडी आपटत होती. भिंतीकडे बघतच मामी म्हणाल्या, “कधीपासून?”

“माहीत नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकाला वा वा करत होतात, ते तोंडदेखलं?”

“मीठ-तिखट कळायचं.”

मामी हसायला गेल्या आणि खोकल्या. खोकला थांबल्यावर त्यांनी तोंड इकडे वळवलं. डोळे लाल होते.

“पानं पुसून घ्या. ओल्या फडक्याने, एकेक. पाणी बादलीत धरा, मातीत सांडू नका. वरची बोटभर मातीही काढावी लागेल. जोडी परत घरटं करते कधीकधी. मी नसेन, पण झाड तरी खाण्याजोगं असू दे.”

मामा लागले कामाला. पंपाची नळी कुणी उचलून वापरू नये म्हणून त्यांनी तिचे तुकडे केले. मग बादली, स्टूल, फडकं. खिडकीतून हुकूम सुटायचे: “खालची बाजू राहिली! अहो, डावीकडे!”

भिंतीवरून शेजारीण डोकावली. “मामा, झाडाला अंघोळ?”

“तुझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ आहे ते!” मामी आतून ओरडल्या. त्या ताकदीचं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी हुकूम कमी झाले. तिसऱ्या दिवशी नुसतं बोट हलायचं. पाचव्या दिवशी दुपारी मामा वरच्या फांदीशी स्टुलावर उभे होते. मुलगी मागच्या दारात आली. तिच्या पायात चपला नव्हत्या आणि फरशी तापलेली होती.

“बाबा, आई…” ती म्हणाली. तिने खिडकीकडे पाहिलं.

मामांनी खिडकीकडे पाहिलं नाही. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं.

“एवढी फांदी होऊ दे,” ते म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. फांदीवर नऊ-दहा पानं उरली होती. मामांनी पुढचं पान तळहातावर घेतलं.